पाटी पुसायचं फडकं

निवृत्त होऊन बरीच वर्षं झाली, तरी माझ्या उजव्या अंगठ्याच्या नखाकडेची रेघ अजून काळी आहे. बायको म्हणते, ती आता जायची नाही, सोबतच येईल. संपादकांचा निरोप आला की नोकरीतले अनुभव लिहा, तेव्हा मी आधी त्या रेघेकडे पाहिलं आणि नाही म्हणायचं ठरवलं. आमच्या धंद्यात सांगण्यासारखं असतं काय? काळी पूड, काळा माल आणि काळी झालेली माणसं. पण एका माणसाला दिलेला शब्द पाळायचा राहून गेला आहे, आणि तो पाळायचा तर सगळंच सांगावं लागेल. म्हणून बसलो लिहायला.

मुरबाडच्या औद्योगिक वसाहतीत ग्रॅफाइटचा माल करणारा एक लहानसा कारखाना होता. तिथे मी लॅब इन्चार्ज होतो. हे ऐकायला बरं वाटतं. लॅब म्हणजे पत्र्याच्या शेडच्या कोपऱ्यातलं एक टेबल, एक वजनकाटा, एक मीटर आणि अॅसिटोनची बाटली. इन्चार्ज मीच आणि माझ्या हाताखालीही मीच. बीएस्सी झाल्यावर शहापूर तालुक्यातल्या मुलाने एक तर मुंबईची वाट धरायची किंवा जवळ मिळेल ते धरायचं. मी जवळचं धरलं. आसनगावहून शहापूर, तिथून किन्हवली-सरळगाव करत मुरबाड, असा एसटीचा प्रवास मी रोज दोनदा केला.

ग्रॅफाइट म्हणजे पेन्सिलीत असतं तेच. त्याचे पापुद्रे एकमेकांवरून घसरतात, म्हणून ते कागदावर उमटतं आणि हातालाही लागतं. त्यातून वीज छान जाते. पण नुसत्या ग्रॅफाइटची पाटी केली तर ती हातात चुरते. म्हणून त्यात रेझिन घालायचं. रेझिन म्हणजे डिंकाचा शिकलेला भाऊ. ते पूड धरून ठेवतं, तापवलं की दगडासारखं घट्ट होतं, पण विजेला वाट देत नाही. रेझिन जास्त झालं तर पाटी मजबूत आणि वीज बंद. कमी झालं तर वीज सुरू आणि पाटीचा भुगा. या दोन्हींच्या मधली जागा शोधणं एवढाच आमचा धंदा. त्या जागेवर मी आयुष्यातली बावीस वर्षं उभा राहिलो.

या मालाला गिऱ्हाईकंही तऱ्हेतऱ्हेची. बहुतेक माल केमिकल कंपन्यांच्या पंपांना जायचा. पण एकदा कल्याणहून एक गृहस्थ आले. त्यांना काळं दंतमंजन काढायचं होतं आणि कोळशापेक्षा आमची पूड चमकदार दिसते म्हणून ती हवी होती. मी त्यांना सांगितलं, दात चमकतील, पण शिसपेन्सिलीसारखे. ते म्हणाले, चमकतील ना, मग झालं. त्यांना परत पाठवायला मला अख्खी दुपार लागली. दुसरे एक टोकावड्याकडचे भातगिरणीवाले. यंत्राला तेल दिलं की तांदळाला वास लागतो, बायका ओरडतात, म्हणून यंत्राचा दांडा ज्यात फिरतो ते बुश त्यांना बिनतेलाचं हवं होतं. ते आम्ही ग्रॅफाइटचं करून दिलं. पुढे दरवर्षी नवा तांदूळ निघाला की ते पायली-दोन पायली घेऊन यायचे आणि पिशवी हुंगायला लावायचे. "बघा सायेब, वास हाय का?" वास नसायचा. असा अभिमान मला नंतर फार वेळा मिळाला नाही.

आता काळेपणाबद्दल सांगतो, कारण पुढचं सगळं त्यावर आहे. नोकरीच्या सुरुवातीला एसटीत माझ्या शेजारची जागा रिकामी राहायची. माणसं दांड्याला धरून उभी राहायची, पण तिथे बसायची नाहीत. मी ज्या घरातून आलो, त्या घरात अशा रिकाम्या जागेचा अर्थ फार जुना आहे. आजोबांनी दीक्षा घेतली, वडील सरकारी नोकरीला लागले, मी पदवी घेतली, आणि तरी ही जागा रिकामीच. आठ दिवस मी आतल्या आत धुमसत होतो. नवव्या दिवशी किन्हवलीला चढलेल्या एका बाईने सरळ सांगितलं, "भाऊ, राग नका मानू. लग्नाला चाललेय, साडी नवी हाय." मी माझ्या शर्टाकडे पाहिलं. कोपरापासून खांद्यापर्यंत काळा पट्टा होता. मला हसू आलं आणि बरंही वाटलं. जागा मात्र रिकामीच राहिली.

तेव्हापासून मला पुसायची सवय लागली. बायकोने जुन्या सुती साडीचे तुकडे करून दिले होते. त्यातला एक कायम माझ्या खिशात असायचा. बसण्याआधी बाक पुसायचा, उठताना पुन्हा पुसायचा, टेबल, मीटर, पेन, कपाचा कान, सगळं पुसायचं. कारखान्यात माझी यावरून थट्टा व्हायची. पण काळ्या कारखान्यात एक तरी टेबल स्वच्छ आहे, हे मला मनातून आवडायचं.

थट्टा करणाऱ्यांत पुढे काशीदादा होता. काशिनाथ सरळगावच्या अलीकडच्या एका गावचा, घरची थोडी भातशेती. कारखान्यात तो मिश्रणावर होता, म्हणजे ग्रॅफाइटची पूड आणि रेझिन मिक्सरमध्ये घालून एकजीव करणं हे त्याचं काम. वयाने माझ्याहून बारा-चौदा वर्षांनी मोठा. मी त्याला अहो-जाहो करायचो, तो मला अरे-तुरे. काटा होता, मापं लिहिलेला कागदही भिंतीवर होता, पण काशीदादा शेवटचं माप हाताने घ्यायचा. मिक्सर थांबवायचा, मूठभर माल घ्यायचा, दाबायचा आणि मूठ उघडायचा. गोळा अंगठ्याने टोचल्यावर दोनच तुकडे झाले तर मिश्रण तयार. चुरा झाला तर अजून थोडं रेझिन. बोटांना चिकटलं तर जास्त झालं. पेरणीआधी शेतकरी मातीची मूठ दाबून वाफसा बघतो, तसंच. तो म्हणायचाही तसंच, "भाऊ, आला वाफसा. घे तुझ्या पाट्या."

आमची खरी ओळख शुक्रवारची. ऐकणाऱ्याला नवल वाटेल, पण औद्योगिक वसाहतींची सुट्टी रविवारी असतेच असं नाही. सगळ्यांनी एकदम वीज ओढू नये म्हणून प्रत्येक वसाहतीला वेगळा वार वाटून दिलेला असतो. आमचा शुक्रवार. माझी बायको खर्डीच्या दवाखान्यात नर्स होती आणि मुलगी शाळेत. त्यांचा रविवार, माझा शुक्रवार. सुट्टीच्या दिवशी मी घरी असायचो तेव्हा घरात कोणी नसायचं. झाकून ठेवलेलं जेवायचं, घड्याळाकडे बघायचं, आणि त्या दोघी आल्या की त्या दमलेल्या. पहिलं वर्षभर मी ते केलं. मग शेठना सांगून शुक्रवारी ओव्हनवर बसायला लागलो.

ओव्हन बंद ठेवता येत नसे. दाबून काढलेल्या पाट्या त्यात दोन-अडीच दिवस हळूहळू तापवायच्या, तासातासाला थोडीथोडी गरमी वाढवत. घाई केली की रेझिनमधली वाफ आत कोंडते आणि पाटीला फोड येतात. शुक्रवारी सगळी शेड रिकामी, मिक्सर बंद, प्रेस बंद, फक्त ओव्हनचा पंखा घुमत असायचा. दोन माणसं लागायची. एक मी, दुसरा काशीदादा. दोन स्टुलं, मध्ये पालथं घातलेलं खोकं, त्यावर त्याची तांदळाची भाकरी आणि वालाचं बिरडं, माझी पोळी-भाजी. पहिल्या शुक्रवारी मी माझा डबा जरा बाजूला घेऊन बसलो होतो. त्याने न विचारता माझ्या डब्यात हात घातला, बटाटा उचलला आणि म्हणाला, "मीठ कमी हाय. नर्सबाय बीपीवाल्यांचं जेवन करते काय?" एवढंच. पण त्या दिवसापासून मी शुक्रवारची वाट बघायला लागलो. बोलणं फार नसायचं. तो पावसापाण्याचं सांगायचा, मी मुलीच्या अभ्यासाचं. आठ वर्षं आम्ही असे बसलो. मला मित्र असे फार नव्हते. खरं सांगायचं तर तोच होता.

दोन हजार साल उलटल्यावर पुण्याकडच्या एका प्रयोगशाळेतून काम आलं. तिथल्या मॅडम वीज साठवण्याची एक नवी टाकी करत होत्या. दोन बाजूंनी दोन द्रावणं वाहतात, मध्ये आमची पाटी. पाटीतून वीज आरपार गेली पाहिजे, पाणी मात्र थेंबभरही जाता कामा नये. गावोगाव वीज कापली जाण्याचे ते दिवस. मॅडमनी फोनवर सांगितलं, हे जमलं तर दिवसाची सौरऊर्जा साठवून संध्याकाळी गावात दिवे लागतील. मी ते काशीदादाला सांगितलं. तो म्हणाला, "म्हंजे तुजी पाटी नि माजा वाफसा, आमच्या घरात उजेड?" मी हो म्हणालो. आम्ही दोघंही त्या कामावर खूश होतो.

पहिल्या पाट्या गेल्या त्या माझ्या सहीच्या रिपोर्टसह. रीडिंग सुरेख होतं. पंधरा दिवसांत पाट्या परत आल्या. सोबत चिठ्ठी, की रोध तुमच्या रिपोर्टपेक्षा कितीतरी पट जास्त आहे, म्हणजे वीज अडतेय. मी त्याच पाट्या टेबलावर घेतल्या, पुसल्या, मोजल्या. रीडिंग पुन्हा सुरेख. शेठना म्हणालो, आपलं बरोबर आहे, त्यांच्याकडेच काहीतरी गडबड असेल. दुसऱ्या खेपेला पुन्हा तेच. तिकडे नापास, माझ्या टेबलावर पास.

शेठ माणूस वाईट नव्हता. पण हे काम हातचं गेलं तर पुढची मोठी ऑर्डर जाणार होती, आणि त्याने त्यासाठी नवी प्रेस बसवली होती. एका सकाळी त्याने सगळ्यांना शेडमध्ये उभं केलं आणि मला विचारलं, "गायकवाड, माल कुठे बिघडतोय?"

मला तेव्हा "माहीत नाही" म्हणता आलं असतं. ते खरं होतं. पण माझ्या हातात बावीस-तेवीस पानांची रिपोर्टांची फाइल होती, प्रत्येक पानावर माझी सही होती, आणि सगळे बघत होते. मी म्हणालो, "मोजणीत चूक नाही. माल सगळीकडे सारखा मिसळत नसेल. कुठे रेझिन जास्त, कुठे कमी."

"मिश्रण मापाने होतं की हाताने?"

मी गप्प राहिलो. गप्प राहणं हेही उत्तरच असतं. शेठने काशीदादाकडे पाहिलं, मग भिंतीवरच्या कागदाकडे. काशीदादा कंत्राटी होता, म्हणजे काढायला एक वाक्य पुरत होतं. शेठने ते वाक्य म्हटलं.

काशीदादा नळावर हात धूत होता तेव्हा मी जवळ गेलो. तो कपड्याच्या साबणाने मनगटापर्यंत घासत होता, रोजच्यापेक्षा जास्त वेळ. माझ्याकडे न बघता त्याने विचारलं, "तू मोजलंस ना, भाऊ?"

"मोजलं, दादा."

"मंग असंल. मशीन काय कुनाचा भाऊबंद नाय." हात झटकून तो पंजाकडे बघत राहिला. "आता वय झालं. हात समजत नसंल पयल्यासारखा."

त्याने मला शिवी दिली असती तर मी कदाचित आणखी चार दिवस माझ्या बाजूने भांडलो असतो. त्याने माझ्यावर विश्वास ठेवला. हे मला फार जड गेलं, आणि तरी मी तोंड उघडलं नाही.

पुढच्या शुक्रवारी ओव्हनपाशी मी एकटा होतो. दुसरा माणूस वॉचमन, तो गेटवरच बसायचा आणि हाक मारली तर यायचा. दुसरं स्टूल मी तसंच ठेवलं होतं. डबा खोक्यावर ठेवला आणि त्यावर फडकं मारलं. आठ वर्षांत पहिल्यांदा मला ओव्हनच्या पंख्याचा आवाज ऐकू आला. तोवर तो घुमतोय हे मला कळतच नव्हतं.

मिश्रण आता मीच करत होतो, काट्यावर तोलून, थेंब न थेंब. तिसरी खेप गेली. तीही नापास झाली. मग मॅडम स्वतःच आल्या. पन्नाशीच्या आत-बाहेरच्या, साध्या, पायात चपला. चहा घेतला आणि म्हणाल्या, "मला फक्त एवढंच बघायचंय, तुम्ही मोजता कसं. रोज करता तसंच करा."

मी पाटी घेतली, खिशातून फडकं काढलं आणि पाटी दोन्ही बाजूंनी नीट पुसली. मीटरच्या दोन तारा पाटीच्या तोंडावर टेकवणार तेवढ्यात त्या म्हणाल्या, "थांबा. हे काय केलंत?"

"पुसली, मॅडम. स्वच्छ करून घेतो आधी."

"दरवेळी?"

"दरवेळी."

त्यांनी फडकं हातात मागितलं. आठवडाभराचं होतं ते, काळं आणि चकचकीत. त्यांनी बोटाने चाचपलं, इकडेतिकडे पाहिलं, आणि चहाची बशी उचलली. चिनी मातीची पांढरी बशी. ती पालथी केली, तळाशी माझं फडकं चांगलं दाबून घासलं आणि टेबलावर ठेवली. "आता हिच्यातून बघा."

मी तारा बशीला टेकवल्या. रीडिंग आलं. पाटीइतकं चांगलं नव्हतं, पण आलं. चिनी मातीतून कधी वीज जात नाही, हे शाळेतल्या पोरालाही माहीत असतं. वीज बशीतून जात नव्हती. माझ्या फडक्याने बशीवर ग्रॅफाइटचा जो थर चढवला होता, त्यातून जात होती.

मग मॅडमनी एक पाटी अॅसिटोनने धुतली आणि पुन्हा मोजायला लावली. आकडा उडाला. त्यांच्या चिठ्ठीत होता तिथे जाऊन थांबला. दाबताना रेझिन थोडं पाझरून पाटीच्या तोंडावर येतं आणि त्याची एक पातळ कातडी धरते. वीज त्या कातडीत अडत होती. मॅडम पाटी धुऊन मोजत होत्या, म्हणून त्यांना कातडी दिसत होती. मी पुसून मोजत होतो, म्हणजे दरवेळी माझ्याच हाताने त्यावर विजेची वाट काढून देत होतो आणि खाली सही करत होतो. सगळ्या कारखान्यात स्वच्छतेचं वेड एकालाच होतं, आणि त्या वेडानेच सगळं केलं होतं.

उपाय सोपा होता. ओव्हनमधून काढल्यावर पॉलिश पेपरने तोंड घासून ती कातडी काढायची. त्याच दुपारी मी मांडणीवर पडलेल्या तिन्ही खेपांच्या पाट्या घासल्या, धुतल्या आणि मोजल्या, या वेळी खिशाला हात न लावता. तिन्ही खेपा पास झाल्या. मी तोलूनमापून केलेली बरी होती. काशीदादाच्या मुठीच्या दोन्ही त्याहून चांगल्या होत्या. पूड हवेतला ओलावा धरते, रोज सारखी नसते. काट्याला ते कळत नाही. मुठीला कळत होतं.

शेठ खुशीत होता. मी म्हणालो, काशिनाथला परत बोलवू या. तो म्हणाला, "गायकवाड, आता तू करतोयस ना मापाने? चाललंय की. जुनं कशाला उकरतोस?" मी आणखी एकदा म्हणायला हवं होतं. म्हटलं नाही. होळीच्या आसपासची ही गोष्ट.

आता लाजेची गोष्ट सांगतो. काशीदादाच्या गावचा फाटा माझ्या रोजच्या रस्त्यावर होता. एसटी तिथे थांबायची. सकाळी एकदा, संध्याकाळी एकदा. कंडक्टर घंटी द्यायचा, कोणी उतरायचं, कोणी चढायचं. मी खिडकीतून फाट्यावरच्या टपरीकडे बघायचो आणि मनात म्हणायचो, शुक्रवारी उतरू. शुक्रवारी ओव्हन असायचं. मग म्हणायचो, पाऊस संपू दे. पाऊस लागला, राब पेरले गेले, लावणी झाली, खाचरं हिरवी झाली. मी रोज दोनदा त्याच्या दारावरून गेलो आणि उतरलो नाही. काय सांगणार होतो? तुझा हात बरोबर होता आणि माझं फडकं चुकलं, हे वाक्य मी एसटीत इतक्यांदा म्हटलं की त्याचा अर्थच उरला नव्हता.

शेवटी दसरा झाल्यावर एका शुक्रवारी ओव्हनवरून परतताना उतरलो. भात पिवळं पडायला लागलं होतं. काशीदादा ओट्यावर बसून दगडावर विळे घासत होता. थोडा वाळला होता. मला पाहून तो उठला नाही, पण सरकला. सरकून जागा केली. मी सवयीने खिशातून फडकं काढलं आणि ओटा पुसायला वाकलो.

"पुसू नको," तो म्हणाला. "बस तसाच."

मी बसलो. सगळं सांगितलं. बशीचं सांगितलं, कातडीचं सांगितलं, त्याच्या दोन्ही खेपा पास झाल्याचं सांगितलं. तो विळा घासत ऐकत होता. मध्येच हात थांबला.

"माजं मिश्रण बराबर व्हतं?"

"बरोबर होतं, दादा. माझ्यापेक्षा चांगलं होतं."

"मोजून सांगतस का मन राखायला?"

"मोजून. न पुसता."

तो थोडा हसला. आतून वहिनी चहा घेऊन आल्या. त्यांनी सगळं ऐकलं होतं. त्या माझ्याशी नाही, त्याच्याशीच बोलल्यासारखं म्हणाल्या, "येवढं आदी कळतं तर. औंदा पेरताना मूठ भरायची, उघडून बगायची, परत भरायची. कदी न्हाय ते पोराला इचारत व्हते, बग रे, बराबर हाय का. गावात लोक बोलतात, कंपनीचा माल ह्यांनी नासवला."

मी चहा घेतला, कप तसाच ठेवला. मला रडू येईल असं वाटत होतं, पण आलं नाही.

तो फाट्यापर्यंत सोडायला आला. माझ्या हातातलं फडकं त्याने घेतलं. "दे हिकडं. बैलगाडीच्या आसाला बरं पडंल." मग थोडं चालून झाल्यावर विचारलं, "तुला कळलं कदी?"

मला खोटं बोलता आलं असतं. "होळीला."

त्याने बोटांवर महिने मोजले नाहीत. शेतकऱ्याला ते मोजावे लागत नाहीत. "होळीला," तो म्हणाला. "पेरनीच्या आत आला असतास, तर बरं झालं असतं."

एसटी दिसली तेव्हा त्याने एकच मागितलं. परत कामावर घ्या असं नाही. तो म्हणाला, "तू लिवतोस ना रिपोर्ट. कुटं तरी लिव येकदा. चार मानसांनी वाचंल असं. माजा हात बिघडला नव्हता म्हनून." मी हो म्हणालो. कंडक्टरने घंटी दिली. शेजारची जागा रिकामी होती, आणि पुसायला खिशात फडकं नव्हतं.

नंतर अधूनमधून मी त्या फाट्यावर उतरायचो. तो सरकून जागा द्यायचा, चहा व्हायचा. पण ओव्हनपाशी बसलेले ते शुक्रवार पुन्हा आले नाहीत, आणि आम्ही दोघांनीही ते आले असं भासवलं नाही. पुढची सगळी वर्षं मी एकटाच बसलो. दुसरं स्टूल मी शेवटपर्यंत हलवू दिलं नाही. कोणी विचारलं तर सांगायचो, त्याचा पाय मोडका आहे. मॅडमची टाकी पुढे किती गावांत पोचली मला माहीत नाही. त्याच्या घरात उजेड आला तो नेहमीच्या विजेचा, तीही जाऊन-येऊन.

दोन वर्षांपूर्वी काशीदादा गेला. त्याच्या दिवसकार्याला ओट्यावर माणसं बसली होती आणि एक म्हातारा दुसऱ्याला सांगत होता, "कंपनीत व्हता. कायतरी माल बिघडला म्हनून काडला." मी तिथे होतो. मी म्हणालो, तसं नव्हतं. पण चार माणसांत माझा आवाज निघाला नाही, आणि ज्याने ऐकलं त्याला ते समजलं नाही.

म्हणून इथे लिहितो, रिपोर्टात लिहायचो तसंच, शेवटचं.

माल: वीजवाहक पाटी, दोन खेपा. मिश्रण करणारा: काशिनाथ. तपासणी: धुऊन, न पुसता. निकाल: दोन्ही खेपा पास. आधीची मोजणी चुकीची होती. चूक मोजणाऱ्याची. सही: गायकवाड.

अंकाची एक प्रत मी त्याच्या घरी नेऊन देणार आहे, त्याच्या मुलाच्या हातात. दादा, पेरणीच्या आत नाही जमलं.